फ्रिजमधली इंजेक्शनं

प्रितम,

सकाळी फ्रिजमधून कोळंबी काढताना मागे दडवलेली तुझी स्टेरॉइडची इंजेक्शनं हाताला लागली. शिसारी आली मला. आई जिथे खाण्याचं ठेवते, तिथेच वापरलेली सुई! कंबरेवरचं गळू उन्हाळ्याचं म्हणालास, चादरीला लागलेला पू मी धुतला, आणि ते ह्याचं होतं होय?

तुझं धावण्याचं टायमिंग अडकलं तेव्हा मी सांगितलं होतं, रोज त्याच रस्त्यावर त्याच वेगाने पळतोस, अंगाला त्याची सवय झालीय. एक दिवस ओल्या वाळूत पळ, एक दिवस राजपुरीचा चढ घे, कधी पोह, मधे आराम कर. कबड्डीचे सर आमच्याकडून असंच करून घ्यायचे. तू हसलास. "ताई, असल्या पोरखेळाने पोलीस भरती होत नाय."

आत्ताच तुझ्या जिममध्ये जाऊन आले. तो ट्रेनर दात काढत म्हणाला, "सगळीच पोरं घेतात." मी विचारलं, "तुझा सख्खा भाऊपण भरतीला उतरलाय ना? त्याला देतोस?" तेव्हा तो मोबाईल बघायला लागला.

मी सरकारी दवाखान्यात तुझा केसपेपर काढायला चाललेय. उठलास की थेट तिकडे ये. डॉक्टरांना सगळं खरं सांगायचं, मी शेजारीच बसणार आहे. आईला अजून काही बोलले नाही. ते तू स्वतः सांगायचंस.

ही भरती गेली तर पुढची बघू. तू असा सडत गेलेला मला बघवणार नाही.

तेजूताई