ओला कापूस

मंगळवार, दिवेलागण

कापूस घेऊन गेलो तर खरेदी बंद. घरी काय तोंड दाखवावं? सलीमनं त्याची मेटाडोर सरळ धरणाच्या रस्त्याले लावली. मी, सलीम अन् प्रेमसिंग, काठाकाठानं गावं पाहत गेलो. एका गावात ताजे मासे खाल्ले, मनसोक्त पोहलो. अन् मंग तसेच ओल्या अंगानं गाडीतल्या कापसावर झोपलो! जनमभर कापूस पिकवला, अन् हे अक्कल? ओला कापूस घेते कोण?

घरी येऊन खरं सांगितलं तर बायकोनं सारा कापूस अंगणात पसरला. मले हातही लावू देल्ला नाही. कायले झोपलो असन तिथं? ओला कापूस उलटता उलटता हळूच म्हणे, "पाणी थंडं होतं का जी?"

उद्या गाडी रिकामीच आहे. सलीमले विचारतो, आम्हा दोघांले धरणावर नेतो का.