अडण्याआधीचा शब्द

दि. ३ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,
दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद, आणि सोबत एक बातमी. उभी असशील तर आधी बस.

नाटक लागलं! सहा वर्षं जुन्याच नाटकांवर दिवस काढणाऱ्या आमच्या मंडळीने नवंकोरं नाटक हाती घेतलंय. अठ्ठावीस तारखेला पहिला प्रयोग. आणि गेल्या हिवाळ्यात तू ज्याच्या उशाशी हॉस्पिटलात अकरा दिवस बसलीस, तो तुझा दादा पुन्हा उजव्या विंगेत, त्याच तीन पायांच्या स्टुलावर, मांडीवर संहिता घेऊन बसला आहे. मालकीणबाईंनी स्वतः बोलावणं धाडलं. प्रॉम्प्टर तुम्हीच, दुसरा नको, असं म्हणाल्या. मला इतका आनंद झाला की जिना चढून लागलेली धापसुद्धा गोड वाटली.

गोष्ट एका म्हाताऱ्या घड्याळजीची आहे. घर सोडून गेलेली त्याची मुलगी वीस वर्षांनी घड्याळ दुरुस्तीला घेऊन येते, गिऱ्हाईक म्हणून. दोघेही ओळखतात, दोघेही दाखवत नाहीत. शेवटी म्हातारा माळ्यावरून तिचं लहानपणीचं घड्याळ घेऊन धापा टाकत उतरतो. ते चालू असतं. मग तो एवढंच म्हणतो की याला मी रोज किल्ली देत होतो. पडदा! मी तालमीत हे वाक्य चाळीसदा ऐकलं असेल, तरी दर वेळी चष्मा पुसावा लागतो.

घड्याळजी करतोय आमची तोफ. आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या डुलक्या मोडतात, पण धाप लागल्याचा अभिनय गड्याला जमत नाही. इंजिनासारखा फुसफुसतो. धाप कशी लागते ते मला विचार म्हणावं! तुझी भाची दिवसा छापखान्यात मुद्रितं तपासते आणि संध्याकाळी माझ्याशेजारी बसून प्रॉम्प्टिंग शिकते. पोरीची नजर चांगली आहे, घाई फार.

आता तू विचारायच्या आत सांगून टाकतो. फ्लूची सुई मी घेणार नाही. तीन वर्षांपूर्वी घेतली आणि चौथ्या दिवशी आडवा झालो, आठवतंय ना? दुधाने तोंड पोळलेला माणूस आहे मी. प्रयोग पंचवीस दिवसांवर असताना हात दाखवून अवलक्षण कोण करील? आणि हो, यावर फोन करू नकोस. फोनवर दोन वाक्यांत मला खोकला लागतो आणि तू जिंकतेस. कागदावर दम लागत नाही.

पाव्हण्यांना नमस्कार सांग. लोभ आहेच, तो सुई न टोचता ठेवावा.
तुझा दादा


दि. ६ नोव्हेंबर

ती. दादास,
धाकटीचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी दवाखान्याच्या इंजेक्शनच्या खोलीत टुणकन उडी मारली. रांगेतल्या आजोबांना वाटलं सुई मलाच टोचली. दादा, पुन्हा विंगेत! तुझ्या स्टुलाला किती बरं वाटलं असेल! मी अठ्ठावीसची रजा आजच टाकली. तिकीट पाठव, पहिल्या रांगेचं. मागच्या रांगेतून तुझी कुजबुज ऐकू येत नाही.

झालं कौतुक. आता ऐक. दिवसाला साठ-सत्तर दंडांवर मी ही लस टोचते आणि सख्खा भाऊ म्हणतो घेणार नाही. दिव्याखाली अंधार तो हाच. तीन वर्षांपूर्वीचं मला चांगलं आठवतंय. सुई घेण्याच्या आदल्या दिवशी तुमचा तेव्हाचा खलनायक तुझ्या तोंडावर शिंकत तालीम करत होता, हे तूच हसत हसत लिहिलं होतंस. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, दादा. या सुईतला विषाणू मेलेला असतो, तो फ्लू देऊच शकत नाही. दंड दुखेल, एखाद दिवस अंग मोडून येईल, कणकण वाटेल. बस.

मी तुला खोटी आशा लावणार नाही. सुई घेऊनही कुणाकुणाला फ्लू होतो. पण बहुतेकदा तो हलका जातो. धडधाकट माणसाला फ्लू झाला तर तो आठवडाभर कण्हतो आणि उठतो. तुझ्यासारख्या, बारा वर्षं फुप्फुसांचा आजार सोसणाऱ्या माणसाला तो थेट ऑक्सिजनवर नेऊ शकतो. म्हणून तर आमच्या यादीत दमेकरी आणि सीओपीडीवाले अगदी वर असतात. गेल्या वर्षीचीच पुरणार नाही का, असंही विचारू नकोस. विषाणू दरवर्षी रूप बदलतो, म्हणून सुईही दरवर्षी. आणि गेल्या वर्षी तरी तू कुठे घेतली होतीस?

आता तारखा मोज. सुईचा गुण यायला साधारण दोन आठवडे लागतात. म्हणजे चौदाच्या आत घेतलीस तर पडदा उघडताना तू तयार. ताप असेल तर थांब, आणि छातीच्या डॉक्टरांना एकदा विचार. पण तहान लागल्यावर विहीर खणू नकोस.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. त्या अकरा दिवसांत मी वर्तमानपत्र वाचत नव्हते. तोंडापुढे धरून तुझे श्वास मोजत होते. नर्स होऊन इतकी वर्षं झाली, पण असे श्वास मी कुणाचे मोजले नव्हते. मला भीती वाटते रे. पुन्हा ते मोजायला लावू नकोस.

बाकी क्षेम. राग मानलास तरी चालेल, लोभ मात्र कमी करू नये.
तुझी धाकटी


दि. १३ नोव्हेंबर

चि. सौ. सुईबाईस,
हरलेल्या दादाचे आशीर्वाद.

घेतली! परवा नाही, तेरवा. दहा तारखेला, डाव्या दंडावर. नाच आता.

पण श्रेय एकटीने लाटू नकोस. तुझं पत्र मी वाचलं. श्वास मोजण्याचं ते वाक्य मला पुन्हा वाचवेना. तरी हट्ट म्हणून घडी घालून खिशात ठेवलं. मग नऊ तारखेच्या तालमीत दुसऱ्या अंकात आमची नायिका अडली. अगदी ठार अडली. तुझ्या भाचीने शब्द दिला, पण अडल्यावर, आणि तो बाहेर झाडू मारणाऱ्यालाही ऐकू गेला. मी तिला फैलावर घेतलं. म्हटलं, अडल्यावर शब्द देणं हे प्रॉम्प्टिंग नव्हे, ती बोंब. नट अडणार हे त्याच्या डोळ्यांत आधी दिसतं. तेव्हाच शब्द सरकवायचा. त्यालाही कळत नाही की आपण अडणार होतो, आणि प्रेक्षकांना तर नाहीच नाही.

पोरीने शांतपणे संहिता मिटली. म्हणाली की बाबा, मग आत्या दुसरं काय सांगतेय?

तीस वर्षं दुसऱ्यांना शब्द पुरवणाऱ्या माणसाला पोरीने शब्द दिला. शरीर अडायच्या आधी त्याला शब्द द्यायचा, आणि दरवर्षी संहिता बदलते म्हणून नवा द्यायचा. इतकं सोपं! माझ्याच धंद्यातलं, आणि मलाच कळू नये! दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारून थेट कोपऱ्यावरचा दवाखाना गाठला. तिथल्या नर्सबाईंनी नोंदवहीत नाव, वय, आजार लिहिला आणि व्यवसाय विचारला. मी ताठ बसून प्रॉम्प्टर म्हणून सांगितलं. म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाटकात मागे बसतो. तर त्यांनी त्या रकान्यात लिहिलं, घरीच असतात! सुईपेक्षा ते जास्त टोचलं.

दंड दोन दिवस दुखला, पहिल्या दिवशी थोडी कणकण होती. आज चौथ्या दिवशी सकाळी उठून शिंक येते का म्हणून वाट पाहत बसलो. आली नाही. मालकीणबाई, नायिका आणि तुझी भाची, तिघींनीही माझ्या मागोमाग घेतली. तोफ मात्र दंड फुगवून म्हणाली की घोड्याला कसली सुई. पालथ्या घड्यावर पाणी.

लोभ वाढवावा, आता तर कारणही आहे.
तुझा दादा


दि. १७ नोव्हेंबर

ती. दादास,
अतिशय आनंदी धाकटीचा सा. न. वि. वि.

नाचले! औषधाच्या कपाटाला कोपर लागलं, पण नाचले. भाचीला माझ्याकडून शाबासकी. ती छापखाना सोडून नर्स का झाली नाही?

तरी हुरळून जाऊ नकोस. सुई म्हणजे छत्री, छप्पर नव्हे. कुणी खोकत असेल तर स्टूल लांब सरकव, हात धू, आणि श्वासाचा पंप वेळेवर घे. ढगांच्या गडगडाटाची ध्वनिफीत वाजेपर्यंत पंप अडवून धरायची तुझी खोड मला माहीत आहे. प्रेक्षकांना फुस्स ऐकू गेलं तर जाऊ दे.

इकडे रांग दाराबाहेर गेली आहे. फ्लूने यंदा लवकरच पाय पसरलेत. रजेचं काही खरं दिसत नाही, पण मी भांडतेय.

लोभ दुप्पट असावा.
तुझी धाकटी


दि. २७ नोव्हेंबर, सकाळी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितेय. तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरकाकांच्या हातात देणार आहे. ते दुपारी तुझ्याकडे पोचवतील.

तोफ थंडावली! एकशे तीन ताप, अंथरुणातून उठवत नाही. डॉक्टर फ्लू म्हणाले. नेपथ्यवाला आणि दोन नटही पडलेत. त्या दोघांची कामं छोटी, भागवता येतील. पण घड्याळजी कुठून आणायचा? काल मालकीणबाई रिकाम्या रंगमंचावर डोकं धरून बसल्या होत्या. तिकिटं सगळी गेलेली. तेवढ्यात विंगेतून बाबा घड्याळजीची वाक्यं म्हणू लागले. सवयीने, कुजबुजत. बाईंनी मान वर केली आणि त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

आत्या, उद्या बाबा घड्याळजी आहेत! बेचाळीस वाक्यं. घड्याळजी बहुतेक वेळ बाकावर बसूनच असतो, माळ्याचा जिना सहाच पायऱ्यांचा केलाय. डॉक्टरांनी तपासून परवानगी दिली आहे. बाबांच्या डोळ्यांत असं तेज मी कधी पाहिलं नव्हतं. आणि त्यांच्या स्टुलावर बसणार मी. त्यांचा दम मध्येच संपला तर मी काय करू? परतीच्या बसनेच कळव.

तुझीच भाची


दि. २७ नोव्हेंबर, दुपारी

चि. भाचीस आशीर्वाद, दादालाही दाखव.

रजा नामंजूर. अर्धा दवाखानाच आजारी आहे. मी इथे बसून ओठ चावणार, दुसरं काय! जिन्याच्या आधी त्याला पंप घ्यायला लाव. पायरी चढताना बोलू नये. ओठ निळसर दिसले तर मात्र नाटकाची पर्वा करायची नाही, पडदा पाडायचा. बाकी, तुझ्या बापाला वाक्य आठवत नाही असं कधी होणार नाही. तो थांबला तर तो विसरला नाही, तो श्वास घेतोय, एवढं लक्षात ठेव.

दादा, मला फार म्हणजे फार आनंद झालाय.
आत्या


दि. २९ नोव्हेंबर

चि. सौ. धाकटीस,
तुझ्या दादाचे, नव्हे, घड्याळजीचे अनेक उत्तम आशीर्वाद.

झालं! तिसरी घंटा झाली तेव्हा मी तीस वर्षांत पहिल्यांदा पडद्याच्या त्या बाजूला उभा होतो. उजवीकडे पाहिलं. माझ्या स्टुलावर पोरगी, संहितेवर पेन्सिल धरून, माझ्याहून जास्त घाबरलेली. तिला घाबरलेली पाहून मला धीर आला, बघ.

दोन अंक लोण्यासारखे गेले. तिसऱ्यात पंप घेतला, माळ्यावर चढलो, घड्याळ घेतलं आणि उतरलो. सहाच पायऱ्या, पण नाटकाचा झगा, दिव्यांची धग आणि छातीतली धडधड. खाली आलो. नायिका समोर. मी म्हटलं, याला मी रोज. आणि हवा संपली. शब्द जिभेवर होते गं, हवाच नव्हती. मी विंगेकडे पाहिलं. कुणीही प्रॉम्प्टर तिथे शब्द दिला असता, मीसुद्धा दिला असता. पोरीने दिला नाही. ओठ मिटून माझ्याकडे पाहत राहिली आणि संथपणे, मला दिसेल असा, एक श्वास घेतला. मग दुसरा. मी तिच्याबरोबर घेतले. हातातलं घड्याळ टिकटिकत होतं. आणि मग मी म्हटलं, किल्ली देत होतो.

पडदा पडला, पण मिनिटभर एक टाळी नाही. मला वाटलं, बुडवलं नाटक. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. मला बाकावर बसवून दोनदा पडदा उघडावा लागला. नंतर एक गृहस्थ आत येऊन म्हणाले की धाप लागल्याचा इतका अस्सल अभिनय त्यांनी आयुष्यात पाहिला नाही, कुठे शिकलात? मी म्हटलं, बारा वर्षांची तालीम आहे.

मंडळीतली चार माणसं फ्लूने पडली आणि मी त्यांच्यात बसूनही उभा राहिलो. तू म्हणशील की सुईनेच, असं छातीठोक सांगता येत नाही. नको सांगूस. माझी छाती ठोकण्याजोगी नाहीच. पण गेल्या वर्षी याच सुमारास ती कुठे होती ते तुलाही ठाऊक आहे, मलाही. तोफेने अंथरुणातून चिठ्ठी पाठवलीय की बरा झालो की पहिला दंड माझा. शिवाय मालकीणबाईंनी ठरवलंय, तोफ परतली तरी रविवारचा दुपारचा प्रयोग माझाच. पुढच्या रविवारी तू ये. पहिल्या रांगेची कडेची खुर्ची राखून ठेवलीय. तिथून विंगेतली पोरगीही दिसते. आणि माझे श्वास मोजावेसे वाटले तर खुशाल मोज, या खेपेला तिकीट काढून.

पुढच्या वर्षीची सुई मी तुझ्याच हातून घेणार. फक्त नोंदवहीत व्यवसायाच्या रकान्यात काय लिहायचं, ते मला विचारून लिही. मी मोठ्याने सांगेन, कुजबुजत नाही.

लोभ आहे, आता दमही आहे. दोन्ही तुझ्यामुळे टिकोत.
तुझा दादा