मोजणीवाल्यानं पाणी घेतलं नाही

अण्णा, तुम्हाला टीव्ही आवडला असता की नाही, कोण जाणे. आमच्याकडे, खांदा कॉलनीतल्या या दुसऱ्या मजल्यावर, रविवारी दुपारी केबलवर घोडेस्वारांची एक मालिका लागते. अमेरिकेतलं जुनं गाव, बोलणं हिंदीत डब केलेलं. चिखल, माश्या, आठवडा आठवडा आंघोळ न केलेली माणसं. गावाची राखण करणारा अधिकारीसुद्धा नेमका कोणाच्या बाजूचा आहे, ते कळत नाही. "हीरो कोण तेच समजत नाही, तीच तर गंमत," असं हे म्हणतात. मला त्यातल्या प्रत्येकाचा संशय येतो, आणि संशय घेत बसणं मला आवडतं की काय, असाही प्रश्न पडतो.

तळमजल्यावरचे आजोबा ही मालिका बघायला वर येतात. त्यांच्या सुनेला मारामारी चालत नाही. ही कॉलनी व्हायच्या आधी इथंच कुठंतरी त्यांची भातशेती होती. ते टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसतात, आणि टीव्हीच्या वर भिंतीवर तुमचा फोटो असायचा. "सगळेच चोर हायत," हे त्यांचं पहिल्या दिवसापासूनचं मत. "पन तो टोपीवाला जास्त. हसतो बगा कसा!"

मागच्या महिन्यात एका भागात रेल्वेचा सर्व्हेअर आला. तिपाई, साखळी, सगळं तुम्ही मोजणीला न्यायचात तसंच. एका झोपडीतली बाई पत्र्याच्या मगातून पाणी आणते. तो मान हलवून नको म्हणतो आणि आपल्याच बाटलीतलं पितो. मला तो माणूस एकदम जवळचा वाटला. इतक्या भागांत पहिल्यांदाच कोणीतरी सरळ भेटला, असं मी म्हणणारच होते. तेवढ्यात आजोबा म्हणाले, "हा लबाड हाय."

"का हो आजोबा?" ह्यांनी विचारलं.

"आमच्या शेतावं असाच एक मोजनीवाला आलता. माजी आय तांब्या घेऊन उन्हात उबी. त्यानं हात पन नाय लावला. आपलाच पितळेचा तांब्या काडला नि त्यातलं प्याला. तवाच आय बोलली, याच्या मनात काय तरी हाय. नि मग कागदावं आमचं भाताचं खाचर कमीच भरलं."

"अहो, कोणाचं काही घ्यायचं नाही म्हणून नसेल घेतलं."

"पान्यात कसली लाच, सायेब? दारात वैरी आला तरी पानी देतो आमी."

हे हसले, आणि मग माझ्याकडे बघून त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. मी चहा टाकायला उठले.

अण्णा, तुमचा तो फिरकीच्या झाकणाचा तांब्या माझ्या स्वयंपाकघरात अजून आहे. लग्नात तुम्ही दिलेल्या वस्तूंत मला तोच सगळ्यात मोठा वाटला होता. मी आठ-नऊ वर्षांची असताना तुम्ही मला शिरढोणकडच्या एका मोजणीला नेलं होतं. मी बांधावर बसले आहे, तुम्ही लांब साखळी धरून उभे आहात. एक बाई माझ्या हातात काकडी ठेवते. मी एकच घास घेते आणि तुम्ही शेत ओलांडून येता. "परत दे. ज्याची जमीन मोजायची त्याच्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही." मी उष्टी काकडी परत देते. त्या बाईचा चेहरा कसा झाला होता, ते मी इतक्या वर्षांत एकदाही आठवून पाहिलं नव्हतं. आपल्या घरी ही गोष्ट कौतुकानं सांगितली जायची. त्या बाईच्या घरी ती कशी सांगितली गेली असेल?

या कॉलनीसाठी जमिनी घेतल्या तेव्हा इथल्या मोजणीला तुम्ही होता, एवढं मला माहीत आहे. पण तुम्ही एकटे नव्हता, आणि पितळेचे तांबे पुष्कळांकडे असत. खाचर खरंच कमी भरलं, की जमीन गेलेल्या प्रत्येकाला ती कमीच भरल्यासारखी वाटते? तुम्ही मोजताना शेताची एखादी पट्टी मुद्दाम सोडली असेल, असं मला वाटत नाही. पण हे मी तुम्हाला ओळखते म्हणून म्हणते, की तुम्ही पाणी घेत नव्हता एवढ्यावरून? कधी वाटतं, ज्यांचं शेत जाणार आहे त्यांच्या हातचं पाणी तुमच्या घशाखाली उतरत नसेल, आणि नियम त्यासाठी केला असेल. हा विचारसुद्धा मी तुम्हाला सोडवण्यासाठीच करते आहे, असा मला संशय येतो.

पुढच्या रविवारी आजोबा आले. बसताच त्यांनी टीव्हीच्या वर पाहिलं.

"फोटू कुटं गेला?"

"पुसायला काढलाय," मी म्हणाले.

"बरा व्हता तितं." एवढंच बोलून ते मी दिलेलं पाणी सावकाश, अर्धं न ठेवता प्यायले आणि त्यांनी भांडं माझ्या हातात दिलं. त्यांनी फोटोवरून तुम्हाला केव्हाच ओळखलं होतं, की भिंत मोकळी दिसली म्हणून सहज विचारलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

त्यानंतरही दोन रविवार गेले. फोटो पुसून कधीच झाला आहे. तो स्वयंपाकघरात, डब्यांच्या मागे, तुमच्या तांब्याला टेकवून ठेवला आहे.