तळहातावरचं दही

बुधवार संध्याकाळ, बेव्हर्ली पार्क

घरी येणाऱ्या सिस्टर आज पुन्हा बजावून गेल्या, "आता फक्त त्रास होऊ द्यायचा नाही. आजींना जबरदस्तीने भरवू नका, मागतील तेवढंच द्या." आई मागणार कशी? पोटच्या पोराला परका समजून 'अहो' म्हणतेय, भूक काय ओळखणार! चिडूनच दह्याची वाटी घेऊन बसलो.

आईने माझ्या हातातून चमचा घेतला आणि दही माझ्याच तळहातावर ठेवलं. परीक्षेला निघताना ठेवायची ना, तसंच. म्हणाली, "नीट जा रे."

मी कुठे चाललोय? लुंगीवर घरातच तर बसलोय. तरी चाटलं.

मग लक्षात आलं, निघालीय तर ती. चमचाभर दही तिच्या तळहातावर ठेवलं.

न भरवता चाटून खाल्लं तिने.