शून्यावरचा काटा

सोलापूर, बुधवार, फेब्रुवारी १९७६

पॉलिटेक्निकच्या लॅबमधला नवा पॉवर सप्लाय प्लसला चालतो, मायनसला मात्र मीटरचा काटा शून्यावरच. आत दोन ट्रान्झिस्टर, एक प्लससाठी, एक मायनससाठी. मागितलेलं आणि मिळालेलं व्होल्टेज कंट्रोल सर्किट ताडून बघतं, फरक दिसला की त्यांना सावरतं. मग मायनसवालाच कसा मेला? जोडणी आमच्या असिस्टंटची, बिराजदारची. चांगला ट्रान्झिस्टर स्वतःसाठी काढून जुना बसवला असेल? विचारलं तर म्हणाला, "सर, मीटरच्या तारा उलट्या करून बघा की." मला वाटलं, टाळतोय.

तो गेल्यावर तारा उलट्या जोडून बघितल्या. काटा सरळ चढला. त्या मीटरला शून्याच्या डावीकडे जागाच नाही, आणि मीटर मीच निवडलेला.

जाताना बिराजदारनं न मागता पिशवी उघडून दाखवली होती. मी आत बघितलं होतं.