कॉन्डर, व्ही-एट, काळ्या पट्ट्यांसह

१७ जानेवारी, शनिवार
ऑटो शो. कॉन्डर गाडी परत आली. पस्तीस वर्षं ती बनवणं बंद होतं. गोल फिरणाऱ्या चौथऱ्यावर ठेवली आहे. मी दोन तास दहा मिनिटं उभा होतो. बायको, बर्नडीन, त्यातला दीड तास बाकावर बसली, पाय दुखतात म्हणून. पाय माझेही दुखत होते, पण मी बोललो नाही.

निघताना बर्नडीननं दुसऱ्या, उघड्या ठेवलेल्या गाडीत हात घालून सीटची कड अंगठ्यानं दाबली. म्हणाली, ही शिवण आमच्या फॅक्टरीतल्या शिवणीच्या लायनीची. ऑक्टोबरमध्ये व्हर्नेटानं आणि मी नमुने शिवले होते. ती हे बोलली तेव्हा मी इंजिनाची पाटी वाचत होतो, त्यामुळे उत्तर देता आलं नाही.

निर्णय झाला. गाडी घ्यायची. माझे निर्णय चटकन होतात. सव्वीस वर्षं शाळेत मुलांना गाडी शिकवली, ती घोळ घालून नाही.

२५ जानेवारी, रविवार
माहितीपुस्तिका तिसऱ्यांदा वाचली. प्रकार तीन. बेस: व्ही-सिक्स, कापडी सीट. स्पोर्ट: तेच इंजिन, चाकं मोठी. आणि आर: आठ सिलिंडरचं व्ही-एट, लेदर, हातानं टाकायचे सहा गिअर. खरी कॉन्डर म्हणजे आर. बाकीच्या दोन भाजी आणायला.

तक्ता करून फ्रिजवर लावला. त्यासाठी बर्नडीनचा डॉक्टरचा कागद काढावा लागला.

तिचं मत विचारलं. तिला व्ही-सिक्स चालेल. ऑटोमॅटिक हवी. डावा गुडघा गेला आहे म्हणे. उभ्यानं मशीन चालवायचं, उजवा पाय पेडलवर, एकोणतीस वर्षं सगळा भार डाव्यावर. क्लच दाबवणार नाही. मी म्हणालो, काळजी करू नकोस, तुला ती चालवावीच लागणार नाही. वाटलं होतं, तिला हायसं वाटेल.

कापडी सीट हवी असंही म्हणाली. लेदरची दुसरीकडे कुठे तरी शिवतात, कापडी आमच्या हातची, एवढंच कारण. भावना समजू शकतो. तक्त्यात भावनांचा रकाना नाही.

३ फेब्रुवारी, मंगळवार
ऑर्डर दिली. सेल्समन ट्रेंट, तरुण, नम्र, कान देऊन ऐकणारा. ऑर्डर बर्नडीनच्या नावावर. कंपनीच्या माणसाला सवलतीचा एक नंबर मिळतो, वर्षाला एकच, आणि तो लावायचा तर सही त्याच माणसाची लागते. नवऱ्याची चालत नाही. आमच्या भागात निम्मी लग्नं या नंबरावर टिकली आहेत असं लोक गमतीनं म्हणतात.

ट्रेंटनं तिला विचारलं, मिसेस स्किबा, रंग कुठला आवडेल? ती म्हणाली, लाल. मला हसू आलं. चंदेरी लिहिला. वर काळे पट्टे. तिनं सही केली.

आता बदल करायचा नाही.

१० फेब्रुवारी, मंगळवार
चंदेरी रद्द, काळा. ट्रेंट म्हणाला, बदल केला की ऑर्डर रांगेत पुन्हा शेवटी जाते. जाऊ दे. चूक सुधारायला वेळ लागतोच.

११ फेब्रुवारी, बुधवार
काळ्यावर काळे पट्टे दिसत नाहीत. पुन्हा चंदेरी. ट्रेंटला वाटलं मी गंमत करतो आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
पोंच्कींचा, म्हणजे सारण भरून तळलेल्या गोड पावांचा, दिवस. बर्नडीन पहाटेपासून हॅमट्रॅमकच्या बेकरीबाहेर बर्फात रांगेत उभी राहिली आणि डझनभर घेऊन आली. उद्यापासून ईस्टरच्या आधीचे उपास, म्हणून आज खायचं असतं. पण कॉन्डरच्या पुढच्या सीटना दोन्ही बाजूंना उंचवटे आहेत. माझी कंबर त्यात बसली पाहिजे. ठरवलं, या वर्षी एकही नाही.

चार खाल्ल्या. आलुबुखाऱ्याच्या.

बर्नडीनची फॅक्टरी बंद होते आहे. २९ मे शेवटचा दिवस. हे तिनं तिसरी पोंच्की देताना सांगितलं. मला धस्स झालं. सवलतीचं काय? दुपारी त्यांच्या ऑफिसला स्वतः फोन केला. निवृत्तांनाही नंबर चालू राहतो. केवढं ओझं उतरलं. बर्नडीनला लगेच सांगितलं, अगं, काही बिघडलेलं नाही. ती भांडी घासत होती. पाचवी खाल्ली.

१४ मार्च, शनिवार
चाचणी. ट्रेंटनं आर मागवून ठेवली होती, सहा गिअरची. आवाज! पोटात जाणवतो.

एक गोष्ट नोंदवतो, फक्त स्वतःसाठी. सव्वीस वर्षं मी शाळेच्या गाडीत उजवीकडे बसलो, स्टिअरिंग डावीकडे, मुलाच्या हातात. माझ्या पायाखाली ब्रेक होता, क्लच नव्हता. त्यामुळे थोडी सवय गेली आहे. चौकात गाडी तीनदा बंद पडली. चौथ्यांदा सिग्नल आमच्यासमोर हिरव्याचा लाल झाला. मागून पिकअपवाला ओरडला, काका, ढकलू का?

मागे बसलेली बर्नडीन म्हणाली, उतर. मी उतरलो, केवळ वाद नको म्हणून. ती पुढे बसली, क्लच दाबला, पहिला, दुसरा, तिसरा, आणि डीलरच्या दारात नेऊन लावली. कुठे शिकलीस विचारलं. म्हणाली, बाबांच्या ट्रकवर, सोळाव्या वर्षी. तुला तिसऱ्या भेटीत सांगितलं होतं. ट्रेंट म्हणाला, वा, मिसेस स्किबा! सेल्समनला असं म्हणावंच लागतं.

क्लच जरा कडक आहे. कंपनीला कळवावं.

२१ मार्च, शनिवार
बर्नडीनचा गुडघा अजून सुजलेला. आठवडाभर बर्फ लावते आहे. फ्रीझरमध्ये जागा राहिलेली नाही.

डिकीवरचा मागचा पंख उंच हवा की बसका? उंच. बदल क्रमांक पाच. आता खरंच शेवटचा.

१८ एप्रिल, शनिवार
व्हर्नेटा जेवायला आली. बर्नडीनच्या शेजारच्या मशीनवर बावीस वर्षं. जीभ सैल. फ्रिजवरचा तक्ता वाचून म्हणाली, नॉर्ब, तू गाडी मागवतोयस की विमान? मी सहा गिअरचं महत्त्व समजावलं. ती म्हणाली, अरे राजा, तुझ्या बायकोनं एकोणतीस वर्षं लोकांच्या बुडाखाली टाके घातले. एकदा तिचं स्वतःचं बूड टेकू दे की त्याच्यावर.

दोघी इतक्या हसल्या की बर्नडीनला डोळे पुसावे लागले. डोळे पुसणं जरा लांबलं.

जेवताना अशी भाषा मला आवडत नाही. मुद्दा मात्र मान्य आहे: बर्नडीन बसेल की. आरमध्ये चालवणाऱ्याच्या शेजारची, पुढची उजवी सीट विजेवर गरम होते.

२९ मे, शुक्रवार
बर्नडीनचा शेवटचा दिवस. दोन वाजता तिला आणायला जायचं ठरलं होतं. पावणेदोनला ट्रेंटचा फोन: मी मागितलेली वीस इंची चाकं मिळायला उशीर आहे, एकोणीस चालतील का? असा प्रश्न घाईत सोडवता येत नाही. पोचलो तेव्हा साडेतीन झाले होते. गेटला साखळी. पहारेकरी म्हणाला, सगळ्या गेल्या. केकसुद्धा संपला.

घरी आली ती व्हर्नेटाच्या गाडीतून. हातात केशरी दोऱ्याचं रीळ, शेवटच्या दिवशी मशीनवर उरलेलं. कापडी सीटवरची शिवण याच दोऱ्याची. रंग खरोखर छान आहे. लेदरवर मिळेल का, ट्रेंटला विचारलं. मिळत नाही. तिला सांगितलं, बघ, प्रयत्न केला मी.

ती अंघोळीला गेली. पाणी बराच वेळ चालू होतं. एकोणीस इंची नाहीच. वीस.

११ जून, गुरुवार
बदल क्रमांक नऊ. ट्रेंट पहिल्यांदाच चढ्या आवाजात बोलला. म्हणाला, मिस्टर स्किबा, फेब्रुवारीत दिलेली ऑर्डर तशीच ठेवली असती तर आज तुम्ही गाडी धूत असता. आता चाकांना हात लावू नका, सहा आठवड्यांत देतो.

चाकांना हात लावला नाही. छताची काच वाढवली.

२७ जून, शनिवार
आपली जुनी व्हॅन बदल्यात देऊन टाकायची, असं मी ट्रेंटशी ठरवलं आहे. उजवीकडच्या चटईला माझ्या टाचेनं भोक पडलं आहे, बर्नडीन चालवते तेव्हा मी ब्रेक दाबतो म्हणून. त्याचे किती कापतील कोण जाणे.

बर्नडीनला हे आज कळलं. म्हणाली, मग मी काय चालवू? तिला बहिणीच्या गावी, दूर उत्तरेला मार्केटला जायचं आहे, निवृत्त झाल्या झाल्या, वाटेतल्या लांबलचक पुलावरून एकटीनं, काचा खाली करून. हे ती बऱ्याच वर्षांपासून बोलते आहे. मी म्हणालो, मी सोडतो ना. एकदा मला नीट जमू दे. पुढच्या वर्षी.

मग तिनं एक विचित्र प्रश्न विचारला, म्हणून लिहून ठेवतो. नॉर्ब, ती गाडी येईल तेव्हा मी कुठे असेन?

मी म्हणालो, उजवीकडे.

उत्तर बिनचूक होतं.

८ जुलै, बुधवार
सकाळी ट्रेंटचा फोन. छताच्या काचेमुळे कागद बदलले, बर्नडीनची सही पुन्हा लागणार. मला दातांच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तिला म्हणालो, तू एकटीच जाऊन ये, सही तर करायची आहे.

साडेबाराला परत आलो. दारात कॉन्डर. लाल.

बेस. व्ही-सिक्स. ऑटोमॅटिक. करड्या कापडी सीट, केशरी शिवण. पट्टे नाहीत. पंख नाही. चाकं अठरा इंची! डीलरच्या अंगणात उभीच होती म्हणे. ट्रेंटला फोन केला. म्हणाला, मिसेस स्किबांना अकरा मिनिटं लागली, त्यातली चार पेन शोधण्यात गेली. बदल्यात काही दिलं नाही, व्हॅन नॉर्बला राहू दे म्हणाल्या. सवलतीचा नंबर त्या गाडीला लागला. माझी ऑर्डर त्याच नंबरावर होती, त्यामुळे ती रद्द.

मी चिडलो नाही. गाडीभोवती तीन फेऱ्या मारून, काय काय नाही ते शांतपणे सांगितलं. बर्नडीन आत बसून होती, काचा बंद, एसी चालू. तळवा सीटवर ठेवलेला. साधारण विसाव्या मुद्द्याला तिनं आरसा नीट केला.

१० जुलै, शुक्रवार
बर्नडीन बहिणीकडे मार्केटला गेली, चार दिवसांसाठी. मी म्हणालो, येतो, रस्ता लांबचा आहे, कुणी तरी लक्ष ठेवायला हवं. म्हणाली, जागा नाही. खरंच नव्हती. उजवीकडे व्हर्नेटा बसली होती, मांडीवर सँडविचची पिशवी, डोळ्यांवर गॉगल. मला म्हणाली, चल रे नॉर्ब, तब्येत सांभाळ.

मागच्या सीटवर इस्त्री, आईचा फोटो आणि बर्नडीनचा हिवाळी कोट. जुलैत हिवाळी कोट! सामान भरण्यात ती नेहमीच कच्ची.

२ ऑगस्ट, रविवार
तेवीस दिवस झाले. पुलाचं काम चालू असेल.

पोस्टातून पिवळं कार्ड आलं आहे: श्रीमती बर्नडीन यांची पत्रं यापुढे मार्केटच्या पत्त्यावर पाठवली जातील. पोस्टाचा गोंधळ. उद्या जाऊन झापतो. कार्डावर सही तिच्यासारखी आहे.

फोन केला. बहिणीनं उचलला. म्हणाली, ती पोहायला गेलीय. गुडघ्याला बरं पडतं. मी म्हणालो, तिला विचार, पुढच्या वर्षीच्या सवलतीच्या नंबराचं काय करायचं. बहिणीनं फोन ठेवला. त्या भागात लाइन तुटते.

संकल्प: ती येईपर्यंत जेवण साधं. सरळ टिनमधलं.

१५ ऑगस्ट, शनिवार
ड्रीम क्रूझ, हौशी लोकांच्या गाड्यांची वार्षिक मिरवणूक. सकाळी सातला वुडवर्ड रस्त्याच्या कडेला खुर्ची मांडली, सिग्नलजवळ, जागा चांगली मिळाली. शेजारी ओहायोचा एक गृहस्थ, बर्फाची पेटी घेऊन. त्याला जुन्या गाड्यांबद्दल बरंच काही सांगितलं. सुरुवातीला तो प्रश्नही विचारत होता.

साडेअकराला लाल कॉन्डर आली. काचा खाली. बर्नडीन चालवत होती. शेजारी व्हर्नेटा, मागे शिवणीच्या लायनीवरच्या दोघी, गुडघे हनुवटीला लागलेल्या, एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. कडेची माणसं उठून टाळ्या वाजवत होती. ओहायोवाला म्हणाला, काय गाडी आहे! मी त्याला त्यात काय नाही ते सांगू लागलो. तो म्हणाला, अहो, ती बाई या बाजूला बघून हात करतेय. ओळखीची का?

मी म्हणालो, व्ही-सिक्स आहे.

बर्नडीननं केस कापले आहेत. कान दिसतात. मी विचारायला हवं होतं कधी कापले, पण गाडी पुढे गेली होती.

गाड्या दिवसभर फेऱ्या मारतात. मी थांबलो. दीडला पुन्हा गेली. तीनला पुन्हा. ओहायोवाला खुर्ची उचलून पलीकडे जाऊन बसला, तिकडे सावली होती.

पाच वाजता ती एकटीच होती. बाकीच्या उतरल्या असाव्यात. सिग्नल लाल झाला आणि गाडी बरोबर माझ्यासमोर थांबली. उजवी सीट रिकामी, काचा आता वर. मी उठलो, रस्त्यात उतरलो, दाराला हात घातला. दार आतून लॉक होतं. ती बटण शोधत असेल म्हणून थांबलो. मी वाकून काचेतून सीट बघितली. कापड चांगलं होतं. तेच सांगायचं होतं मला.

तिनं काच चार बोटं खाली केली. म्हणाली, नॉर्ब, सिग्नल सुटलाय. बाजूला हो.

झालो.