खूण पुढे सरकते आहे

रविवार, २ नोव्हेंबर

निर्णय झाला. पक्का.

आमच्या इतिहासवाचक मंडळाची दर रविवारी दहाला वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये बैठक. गोल बसायचं आणि एकेकाने सांगायचं, सध्या काय वाचतोय, कितव्या पानावर आहे. संयोजक, म्हणजे निवृत्त भूमापक, ते लाल वहीत उतरवून घेतात. आज ते चहाचं सांगायला खाली गेले तेव्हा मी वही सहज चाळली. माझ्यापुढे सलग पाच रविवार एकच शेरा: ‘ऐकायला आले.’

ऐकायला! म्हणजे मी काय रेडिओचा श्रोता आहे? माणसाने गिळायचं तरी किती!

संयोजक महिनाअखेरीस मुलीकडे राहायला जाणार. तीस तारखेला वही दुसऱ्या कुणाच्या तरी हातात देणार. जो मंडळाचा ग्रंथ सर्वांत कसून वाचेल त्याच्या. ग्रंथ म्हणजे एका किल्ल्याला पडलेल्या अकरा महिन्यांच्या वेढ्याचा इतिहास. पानं ६०८. दहा प्रती एकदम मागवल्या, आज वाटल्या. दिवसाला बावीस पानं. किस झाड की पत्ती.

वही मला मिळणार. तारखेनिशी लिहून ठेवतोय.

सोमवार, ३ नोव्हेंबर

पहाटे ५.१० – उठलो. टाइमटेबल भिंतीला चिकटवलं.

५.३० – प्रस्तावना. भाषा भारदस्त आहे.

७.४० – बायकोने उठवलं. ग्रंथ छातीवर होता. एवढं वजन छातीवर असताना माणूस शुद्धीवर राहिला हेच विशेष. खूण म्हणून दंतवैद्याचं अपॉइंटमेंट कार्ड पान ७ वर ठेवलं.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

ऑफिसात वाचायचं ठरवलं होतं, पण पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात निवांतपणा कुठला? बंद मीटरच्या तक्रारींचा ढीग. एक बाई तर मीटरच पिशवीत घालून घेऊन आल्या.

सासूबाई महिनाभर आमच्याकडे आहेत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता स्वच्छ दिसतं म्हणून खूश आहेत. चाळीस वर्षं छापखान्यात बाइंडिंग खात्यात होत्या. अजून पुस्तक हातात आलं की आधी वास घेतात, मग कण्यावरून अंगठा फिरवतात, मग कुठे नाव बघतात. दुपारी घरी एकटं कंटाळायला होतं, तुमचं पुस्तक बघितलं तर चालेल का, असं विचारत होत्या. म्हटलं बघा की, मध्ये नकाशे आहेत, वेळ जाईल.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आश्चर्य! खूण पान ६४ वर.

आधी मलाही पटेना. पण शांतपणे विचार केला. रोज पहाटे ग्रंथ उघडतोच आहे. मधलं काही आठवत नाही, याचा अर्थ इतकाच की मी वाचनात बुडालो होतो. पोहणाऱ्याला प्रत्येक हात मारलेला आठवतो का? हा सबकॉन्शस स्पीड. ऑफिसातल्या टायपिस्टला समजावून सांगितलं. ती म्हणाली, साहेब, तुम्ही घरी जाऊन झोपा.

रविवार, ९ नोव्हेंबर

बैठक. शिंपी नेहमीप्रमाणे पान ४० म्हणाला. तो मागच्या ग्रंथाच्या वेळीही तीन महिने चाळिसावरच होता. दुकानात गिऱ्हाईक आलं की वाचन थांबतं म्हणे. लाज कशी वाटत नाही उघड सांगायला!

दंतवैद्य एका वेळी तीन पुस्तकं वाचतो आणि तिन्हींबद्दल एकदम बोलतो. तो म्हणाला १२०. मी म्हणालो ११२. सगळ्यांनी माना वळवून पाहिलं. संयोजकांनी चष्मा पुसून आकडा परत विचारला आणि वहीत लिहिला. घरी येताना छाती पुढे काढून आलो. बायकोने विचारलं, पाठ धरली का?

बुधवार, १२ नोव्हेंबर

खूण १४८. समासात बारीक पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. ‘हे आधीच्या प्रकरणाशी जुळत नाही.’ ‘तारीख तपासा.’ काय नेमके मुद्दे काढलेत मी! अक्षर मात्र माझ्या नेहमीच्या अक्षरापेक्षा फार वळणदार आलंय. वाचनाने माणूस बदलतो म्हणतात ते खोटं नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

जेवताना सासूबाईंनी विषय काढला की तुमच्या प्रतीत एका फर्म्याचा घोळ आहे. फर्मा म्हणजे एकत्र दुमडून शिवलेली सोळा पानं, हे मला लग्नापासून शंभरदा ऐकून पाठ आहे. मी मध्येच थांबवलं. म्हटलं, आई, आम्ही वाचक मजकूर बघतो, शिलाई नाही. त्या बरं म्हणाल्या आणि आमटी वाढू लागल्या. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्यांदा भात मागितला नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

मी २३५. दंतवैद्य २३०. पाच पानांनी पुढे! दात काढण्यात तो असेल पटाईत, इतिहास हे काम वेगळं.

शिंपी: ४०.

गुरुवार, २० नोव्हेंबर

टाइमटेबल भिंतीवरून काढलं. गरजच राहिली नाही. पहाटे उठणंही बंद केलं, तरी खूण पुढे जातेच आहे. साधना एकदा मुरली की अशी आपोआप चालते.

सासूबाईंना कसलं तरी पार्सल आलं. मला बघून उशीखाली सारलं. या वयात काय लपवाछपवी, कोण जाणे.

रविवार, २३ नोव्हेंबर

मी ४३०. दंतवैद्याने मंगळवारीच ग्रंथ संपवला असं जाहीर केलं. चोर! संयोजक म्हणाले, आपलं तर दोनदा झालं. मग म्हणाले, तीस तारखेला प्रत्येकाने एकेका प्रकरणावर बोलायचं, त्यावरून वही कुणाला द्यायची ते ठरेल.

अनुक्रमणिका पाहिली. ‘विहिरीवरचा तह’, पान १६१ ते १७६. विहीर! पाणी! बावीस वर्षं पाणीपुरवठ्यात काढलेल्या माणसासाठीच लिहिलंय हे प्रकरण. तेच घेतलं. घाईने हात वर केला, चहाचा कप सांडला.

शनिवार, २९ नोव्हेंबर

खूण ६०८. ग्रंथ समाप्त.

एक क्षण सगळ्या कष्टांची आठवण येऊन गहिवरून आलं. उद्यासाठी प्रकरण पुन्हा नजरेखालून घालणार होतो, पण अति तयारीने भाषणातला ताजेपणा जातो. तहात असतं काय? दोन बाजू, एक विहीर, शेवटी सह्या.

सासूबाई उद्या येते म्हणाल्या. जावयाचं भाषण ऐकायचंय. म्हटलं या की, मागे खुर्च्या असतात.

रविवार, ३० नोव्हेंबर, दुपारी २.००

लिहावंसं वाटत नाही. पण इतिहासप्रेमी माणसाने नोंद टाळू नये.

भाषण उत्तम झालं. हे आधी लिहितो. दूत विहिरीच्या काठावर कसा उभा राहिला, त्याने अर्धं पाणी कसं मागितलं, दोन्ही सेनापतींचे डोळे कसे भरून आले. पाण्याचा दाब आणि गळती यांवरही चार मिनिटं बोललो. शेवटी तहावर सह्या होतात तेव्हा मीच डोळे पुसले. टाळ्या पडल्या. दंतवैद्य म्हणाला, मलाही हेच प्रकरण सर्वांत भावलं. संयोजक म्हणाले, दोन्ही वेळा वाचताना मी इथेच थांबलो होतो. आणि लाल वही घेऊन माझ्या दिशेने उठले. उठले! वही माझ्यापासून दोन हातांवर होती.

तेवढ्यात मागून सासूबाई पिशवी घेऊन पुढे आल्या. चेहऱ्यावर नुसतं कौतुक. पिशवीतून सोळा पानं काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, जावईबापू, तुमच्या प्रतीत १४५ ते १६० ही पानं दोनदा शिवली आहेत आणि १६१ ते १७६ नाहीतच. तुमचं वाचन अर्धवट राहू नये म्हणून मी प्रकाशकाला फोन करून हा फर्मा मागवून घेतला, आजच्या आत शिवून द्यायचा होता, पण जाड दोरा मिळाला नाही. पण तुम्ही दुसरी प्रत मिळवून आधीच वाचलंत की! फक्त एक शंका आहे. या पानांत तर असं दिलंय की तह झालाच नाही, ती नुसती आवई होती. मग सह्या कुठे आहेत तेवढं दाखवा.



मग कुणीतरी आपली प्रत उघडली. मग दुसऱ्याने. दहाही प्रती एकाच गठ्ठ्यातल्या. सगळ्यांत तोच घोळ. दंतवैद्य आपल्या प्रतीत तोंड खुपसून बसला. दोनदा वाचलेले संयोजक छताच्या पंख्याकडे बघू लागले. शिंपी तेवढा शांतपणे म्हणाला की माझं अजून तिथवर आलंच नाही.

मला इतकी लाज वाटली की जिना उतरून तडक घरी जावं असं झालं. पण सासूबाईंना घेऊन आलो होतो, त्यांना घेऊनच परतायला हवं. नव्या डोळ्यांना जिना अजून नीट सवयीचा नाही.

संयोजकांनी लाल वही सासूबाईंच्या हातात ठेवली. त्यांनी आधी वास घेतला, कण्यावरून अंगठा फिरवला, मग म्हणाल्या, पुढच्या रविवारी सगळ्यांनी प्रती आणा, फर्मे मागवते, आपण शिवून घेऊ. जाड दोरा शिंपीदादांनी आणायचा. शिंपी इतका खूश झाला की ताबडतोब वाचायला बसला.

मग त्यांनी गोल फिरून प्रत्येकाला पान विचारलं. वहीत खरं तेच लिहायचं, एवढंच म्हणाल्या. दंतवैद्य ३१ वर आला. संयोजक बराच वेळ खोकले आणि ५२ म्हणाले. माझी पाळी आली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, तेच जास्त लागलं. मी जरा विचार करून नऊ म्हणालो. खरं तर सात.

घरी येताना त्यांची पिशवी मी धरली. वही तिच्यातच होती. त्या जिन्यावर थांबल्या तेव्हा डोकावून पाहिलं. माझ्यापुढे ‘ऐकायला आले’ नव्हतं. वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘पान ९. वाचतायत.’

अक्षर कुठेतरी पाहिल्यासारखं वाटलं.

मंगळवार, २ डिसेंबर

बायको म्हणते की महिनाभर खूण आईच सरकवत होती. पुरावा काय? इतिहासात पुराव्याशिवाय बोलू नये. तिला तसं सांगितलं. तिने समासातल्या पेन्सिलीच्या खुणा दाखवल्या. मी म्हटलं, एका पुराव्यावर निष्कर्ष काढू नये.

ग्रंथ मात्र नव्याने सुरू केलाय. पहाटे ५.१०. टाइमटेबल पुन्हा चिकटवलं. सासूबाई काल आपल्या घरी गेल्या, जाताना शिंप्याकडून दोरा मागवून फर्मा माझ्या प्रतीत शिवून गेल्या. आता एकही पान कमी नाही. रविवारी त्या वही घेऊन थेट हॉलवर येणार आणि पान विचारणार.

शनिवार, ६ डिसेंबर

विचित्र प्रकार आहे. सोमवारी खूण पान ११ वर ठेवली होती. रोज उघडून बघतोय. ११ वरच आहे.